नाव देणारीचे नाव : शिवाजी पार्क, अवंतिकाबाई गोखले आणि सार्वजनिक उद्यानांच्या इतिहासातील स्त्री-नेतृत्व

१

कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या मुलखातील मनुष्य पोटापाण्यासाठी मुंबईस जाऊ लागला त्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. प्रथम बंदरांतून आगबोटीने, पुढे मोटारीने आणि १९९८ नंतर कोकण रेल्वेने हा ओघ चालू राहिला. परळ, लालबाग, दादर या भागांत या मंडळींचे बस्तान बसले. गणपतीस किंवा शिमग्यास गावी आलेला चाकरमानी मुंबईतील ज्या थोड्या जागांविषयी आपलेपणाने बोलतो, त्यांत दादरच्या शिवाजी पार्कची गणना अवश्य करावी लागेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील विराट सभा याच मैदानावर झाल्या. मूळचे मालवणचे असलेले क्रिकेटगुरू रमाकांत आचरेकर यांनी याच मैदानावर अनेक खेळाडू घडविले. २०१९ साली ते निवर्तले आणि २०२४ साली मैदानाच्या एका प्रवेशद्वारापाशी त्यांचे स्मारक उभे राहिले.

या मैदानास 'शिवाजी पार्क' हे नाव कोणी दिले, असा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्रातील मैदानास शिवछत्रपतींचे नाव असावे यात विचारण्यासारखे काय आहे, असे आपणांस वाटते. परंतु जे स्वाभाविक वाटते तेही कोणीतरी, कोणत्या तरी दिवशी, कोणत्या तरी सभेत घडवून आणलेले असते. हे मैदान मुंबई महानगरपालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केले, तेव्हा त्याचे नाव 'माहीम पार्क' असे होते. १९२७ साली ते बदलून 'शिवाजी पार्क' करण्यात आले, आणि हा बदल ज्यांच्या आग्रहामुळे घडून आला त्या महानगरपालिकेच्या एक स्त्री-सभासद होत्या. त्यांचे नाव अवंतिकाबाई गोखले.

सार्वजनिक उद्याने, मैदाने व लोकांच्या विरंगुळ्याच्या सोयी यांच्या इतिहासात स्त्रियांच्या नेतृत्वाचा गौरव कसा करावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अवंतिकाबाईंच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. लेखाच्या अखेरीस हा विचार कुडाळसारख्या लहान शहरास कसा लागू पडतो, हेही पाहू.

२

मुंबईतील उद्यानांच्या इतिहासात स्त्रीचे नाव अगदी आरंभापासून आढळते. भायखळ्याच्या 'व्हिक्टोरिया गार्डन्स'चे, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेल्या राणीच्या बागेचे, उद्घाटन १८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झाले. १८७३ साली ही बाग नगरपालिकेकडे आली. स्वातंत्र्यानंतर तिचे नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे झाले. विलायतेच्या राणीच्या जागी शिवछत्रपतींच्या मातोश्रींचे नाव आले, ही गोष्ट निःसंशय अर्थपूर्ण आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर गौरवाची रीत फारशी बदलली नाही, असेच म्हणावे लागते. राणीचे नाव बागेस दिले गेले, लेडी फ्रिअर यांनी बाग उघडली, जिजाबाईंचे नाव पुन्हा दिले गेले. परंतु बाग कोठे असावी, कोणासाठी असावी, तीवर किती खर्च करावा हे ठरविण्याचा अधिकार या तिन्ही प्रसंगी स्त्रीच्या हाती नव्हता. बागेच्या नावापुरती किंवा समारंभापुरती स्त्री तेथे येत असे.

याच सुमारास पश्चिमेकडे निराळी हालचाल दिसते. ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी लंडनमधील गरीब वस्त्यांत मोकळ्या जागा राखण्यासाठी आयुष्य वेचले. साउथवर्क भागातील त्यांची छोटी बाग १८८७ साली खुली झाली, आणि १८९५ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल ट्रस्ट'च्या संस्थापकांत त्या होत्या. अमेरिकेतील बॉस्टन शहरात डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांनी बर्लिनमध्ये मुलांसाठी ठेवलेले वाळूचे ढीग पाहून तशीच सोय करण्याची सूचना केली. तीवरून १८८५ साली तेथील एका संस्थेने ही सोय प्रत्यक्षात आणली, आणि अमेरिकेतील सार्वजनिक क्रीडांगणांचा उगम पुष्कळ अभ्यासक तेथून धरतात. शिकागोच्या जेन अॅडम्स यांनी आपल्या हल हाउस या वस्तीकेंद्राजवळ मुलांसाठी क्रीडांगण काढले. या स्त्रियांना त्या वेळी मताचा पूर्ण अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी दानधर्म, आरोग्य व बालसंगोपन या मार्गांनी नगराच्या कारभारात प्रवेश केला. मुंबईत मात्र गोष्ट काहीशी उलट क्रमाने घडली. येथे स्त्री नगरपालिकेच्या सभागृहात जाऊन बसली, ती राष्ट्रीय चळवळीचे बळ पाठीशी घेऊन.

आपल्याकडे स्त्रियांच्या विरंगुळ्याची परंपरा नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. मंगळागौरीच्या रात्री, गौरी-गणपतीच्या दिवसांत, फुगडी, झिम्मा आणि गाणी यांनी कोकणातील घरे दुमदुमून जात आलेली आहेत. परंतु हा खेळ बहुतांशी घराच्या ओटीवर, माजघरात किंवा अंगणात खेळावयाचा. गावाची सार्वजनिक जागा म्हणजे देवळासमोरचे पटांगण किंवा मांड. तेथे जत्रेत रात्रभर दशावतार रंगतो, आणि त्यातील स्त्रीपार्टसुद्धा परंपरेने पुरुषच करीत आले. स्त्रीने ते पाहावे, इतकाच तिचा त्या जागेशी संबंध. अंगण तिचे आणि पटांगण गावाचे, अशी ही वाटणी होती. शहरातील मैदानाने ही वाटणी आपोआप मोडली नाही. ती मोडावयास मैदानाविषयी निर्णय घेणाऱ्या सभेत स्त्री असणे आवश्यक होते.

३

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूर येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांचा विवाह बालपणीच झाला. त्यांचे यजमान बबनराव गोखले यांनी विलायतेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. अवंतिकाबाईंना बालपणी शाळेचा लाभ झाला नव्हता. त्या शिकल्या त्या विवाहानंतर. पुढे त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. सार्वजनिक जीवनात त्या आल्या तेव्हा त्यांच्याजवळ पदवी नव्हती, पण रुग्णाची शुश्रूषा, स्वच्छता आणि गृहव्यवस्था यांचे प्रत्यक्ष ज्ञान होते. नगरपालिकेच्या कामाला याहून अधिक उपयुक्त तयारी कोणती असू शकेल, याचा वाचकांनी विचार करावा.

१९१७ साली महात्मा गांधींनी चंपारणमध्ये निळीच्या मळ्यांतील रयतेचा प्रश्न हाती घेतला. त्या वेळी खेड्यांतून शाळा काढण्यासाठी जी स्वयंसेवक मंडळी तेथे गेली, त्यांत हे दांपत्य होते. बडहरवा लखनसेन या गावी त्यांनी शाळा चालविली. मराठी बोलणाऱ्या बाईंनी हिंदी मुलखात मुलांना कसे शिकवावे, ही अडचण होतीच. अक्षरांपेक्षा स्वच्छता व चांगले वळण ही मुलांना अधिक अगत्याची आहेत, अशी गांधीजींची त्या वेळची भूमिका होती, आणि अवंतिकाबाईंचा वर्ग नमुनेदार ठरल्याचे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

पुढल्याच वर्षी, १९१८ साली, अवंतिकाबाईंनी गांधीजींचे चरित्र मराठीत लिहून प्रसिद्ध केले. मराठीतील हे पहिले गांधीचरित्र होय. त्यास प्रस्तावना लोकमान्य टिळकांनी लिहिली. टिळक व गांधी यांच्या मार्गांतील अंतराविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. परंतु एका स्त्रीच्या छोट्या पुस्तकात ही दोन्ही नावे एकत्र आली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाजाची स्थापना केली. १९२३ साली मुंबई महानगरपालिकेत ज्या पहिल्या स्त्री-सभासद आल्या त्यांत सरोजिनी नायडू यांच्याबरोबर अवंतिकाबाईही होत्या. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. १९४९ साली त्यांचे निधन झाले.

४

ज्या महानगरपालिकेत अवंतिकाबाईंनी पाऊल टाकले, ती त्या वेळी वाढत्या शहराच्या प्रश्नांनी ग्रासलेली होती. १८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाटीवाटीच्या वस्तीचे स्वरूप उघडे केले होते. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बेटाच्या उत्तर भागात दादर-माटुंगा बाजूस नव्या वसाहतींची आखणी केली. मोकळी हवा ही चैनीची वस्तू नसून आरोग्याची गरज आहे, ही जाणीव या आखणीच्या मुळाशी होती. माहीमच्या बाजूचे सुमारे २८ एकरांचे मैदान याच जाणिवेच्या काळात लोकांस मिळाले.

त्यास शिवछत्रपतींचे नाव १९२७ साली दिले गेले, याला कारण होते. ते वर्ष शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचे म्हणून साजरे झाले. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबले पाहिजे. शिवजन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मधील, असे त्या काळी सामान्यतः मानले जाई. टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आढळली. विद्वानांत यावर दीर्घ काळ वाद झाला, आणि महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ पासून स्वीकारली. नव्या तिथीने पाहू जाता त्रिशताब्दी १९३० साली यावयास हवी होती. म्हणजे मैदानाचे नामकरण ज्या गणनेवर आधारले होते ती आज मान्य नाही. नाव मात्र टिकले. कालगणना चुकली तरी लोकभावनेची गणना अचूक होती, असेच म्हटले पाहिजे.

ही लोकभावनाही एकसुरी नव्हती. महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचून त्यांना शेतकरी रयतेचा राजा म्हणून पुढे आणले. टिळकांनी १८९६ पासून रायगडावरील उत्सवाच्या द्वारे त्यांना राष्ट्रीय चळवळीचे प्रतीक केले. शिवाजीमहाराज कोणाचे, हा प्रश्न १९२७ साली महाराष्ट्रात वादाचाच होता. अशा वेळी एखाद्या पक्षाच्या सभागृहास किंवा खाजगी संस्थेस हे नाव देणे वेगळे आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या मैदानास देणे वेगळे. मैदानास दरवाजा व वर्गणी नसते. ज्याचे पाय तेथे लागतात त्याचे ते होते. अवंतिकाबाईंच्या मनात हाच विचार होता असे सांगण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यांच्या आग्रहाचा परिणाम हा झाला की, ब्रिटिश अमदानीतील मुंबईत, राणीची बाग व तत्सम नावे जागोजाग असताना, गिरणगावातील कामकऱ्यास आणि दादरच्या पांढरपेशास सारख्याच आपुलकीने उच्चारता येईल असे नाव शहराच्या नकाशावर आले.

याच वर्षी कोकणात आणखी एक घटना घडली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य समाजाने हक्काने घेतले. सार्वजनिक जागा सर्वांस खुल्या असाव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. पण ठराव आणि व्यवहार यांतील अंतर महाडला दिसून आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाड येथे झालेल्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून भाषण केले. मुंबईतील नामांतर आणि महाडचा सत्याग्रह यांची योग्यता एक नव्हे. एकात प्रतिष्ठेचा प्रश्न होता, दुसऱ्यात माणुसकीचा. तरीही दोहोंच्या मुळाशी एकच विचारणा होती : सार्वजनिक म्हणविली जाणारी जागा खरोखर कोणाची? मैदानाचा इतिहास लिहिणाऱ्याने महाड विसरून चालणार नाही, कारण नाव बदलल्याने जागा सर्वांची होते असे नाही. तिच्या वापराचा हक्क सिद्ध व्हावा लागतो.

५

येथे एक आक्षेप संभवतो. नाव सुचविणे म्हणजे उद्यान चालविणे नव्हे. मग एका नामकरणावरून स्त्री-नेतृत्वाचा एवढा विस्तार कशासाठी? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, नामकरण हे आपल्याला सहज दिसणारे टोक आहे. जी सभासद नाव बदलून घेऊ शकली, ती इतर अनेक बाबतींत मत देत होती, प्रश्न विचारीत होती, समित्यांत बसत होती. हे रोजचे काम महानगरपालिकेच्या कामकाजाच्या नोंदींत असते, आणि या नोंदी स्त्री-सभासदांच्या दृष्टीने वाचण्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. चळवळीतील कारावास, उपोषण, मिरवणूक यांचा इतिहास आपण तत्परतेने लिहितो. पण बाकावर बसून अंदाजपत्रकातील एक रकाना वाढवून घेणे यातही कर्तृत्व असते, हे आपण विसरतो.

अवंतिकाबाईंचे नाव गिरगावातील एका रस्त्यास आहे. नाही असे नाही. परंतु त्या रस्त्याने जाणाऱ्यास त्यांचे व शिवाजी पार्कचे नाते ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि शिवाजी पार्कवर फिरावयास येणाऱ्यांपैकी किती जणांस अवंतिकाबाई ठाऊक असतील, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. १९६६ साली मैदानात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, आणि २०२० साली महानगरपालिकेने मैदानाच्या नावात 'छत्रपती' व 'महाराज' ही पदे जोडली. ज्याचे नाव दिले त्याचा गौरव असा वाढत गेला, हे योग्यच झाले. नाव देणारी मात्र मागे राहिली.

नगरपालिकेबाहेरही हे काम स्त्रियांनीच पुढे नेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी वस्तीतील मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा विचार येथून पुढे आला. गाणे, खेळ, माती, पाने व खडे यांच्या साहाय्याने मुलाचे मन फुलविण्याची ही पद्धत म्हणजे खेड्यातील मुलासाठी क्रीडांगणच होते. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७५ साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ज्या अंगणात स्त्रीचा खेळ पूर्वी बंदिस्त होता, तेच अंगण या दोघींनी सार्वजनिक सेवेचे स्थान केले, ही या इतिहासातील विशेष मनोज्ञ गोष्ट आहे.

६

आता कुडाळकडे वळू. येथील ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली आहे. गावाचे शहर होताना देवळासमोरचे पटांगण व शाळेचे मैदान पुरेनासे होते. विकास आराखड्यात बागेसाठी व मैदानासाठी जागा राखावी लागते. राखलेली जागा अतिक्रमणापासून सांभाळावी लागते. आणि मग तेथे दिवा, पाणी, बाक व स्वच्छतागृह यांची तजवीज करावी लागते. सायंकाळी सातनंतर स्त्रियांना व मुलींना तेथे निर्धास्तपणे बसता येते की नाही, हे बागेच्या यशाचे खरे माप आहे. आणि ते माप पुरुष-सभासदांच्या सहसा ध्यानी येत नाही.

हे सारे निर्णय आज ज्या सभेत होतात तेथे स्त्री एकटीदुकटी नाही. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून किमान एक-तृतीयांश जागांची तरतूद देशभर झाली. आणि २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. १९२३ साली मुंबईसारख्या महानगरात ज्या मोजक्या बायका सभागृहात बसल्या, त्यांहून अधिक आज एकेका लहान शहराच्या सभेत बसतात. अवंतिकाबाईंच्या काळी जो अपवाद होता तो आता नियम झाला आहे.

असे असता शंभर वर्षांनी कुडाळच्या एखाद्या बागेचा इतिहास लिहिणाऱ्यास काय सापडेल? कोनशिलेवर उद्घाटकांची नावे सापडतील. बाग कोणत्या सभेत मंजूर झाली, त्या वेळी कोण काय म्हणाले, दिव्यांची मागणी कोणी लावून धरली, झाडे कोणी जगविली, रोज सकाळी झाडलोट कोण करीत असे, यांपैकी काही सापडेल की नाही, हे आज आपण काय जतन करतो यावर अवलंबून आहे. सभावृत्तांत पावसाळ्याच्या ओलीने कुजतात, कार्यालय बदलताना रद्दीत जातात, आणि माणसे गेली म्हणजे आठवणी जातात. कोकणातील हवेत कागद फार दिवस धीर धरीत नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे दोन कामे ठेवावीशी वाटतात. पहिले काम मुंबईचे : १९२३ पासूनचे महानगरपालिकेचे कामकाज वाचून, उद्याने, मैदाने, प्रसूतिगृहे व शाळा यांविषयी स्त्री-सभासदांनी मांडलेले ठराव व विचारलेले प्रश्न यांची सूची करावी. अवंतिकाबाईंच्या नामकरणाच्या प्रस्तावास त्यांच्या इतर कामाच्या संदर्भात प्रथमच नीट जागा मिळेल. दुसरे काम घरचे : कुडाळ व शेजारच्या नगरांतील जुन्या-नव्या सभांचे वृत्तांत पाहून त्यांच्या प्रती घ्याव्यात, आणि माजी स्त्री-सभासद, अंगणवाडी-सेविका व बागांत राबलेल्या कामकरी स्त्रिया यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, मालवणी बोलीत, लिहून ठेवाव्यात. प्रमाण मराठीत त्यांचे रूपांतर करण्याची घाई करू नये. बोलीत जे सांगितले जाते त्यातील पुष्कळसे भाषांतरात गळून पडते.

स्त्री-नेतृत्वाचा गौरव म्हणजे आणखी एका बागेस आणखी एक नाव देणे, एवढाच आपण समजून बसलो तर अवंतिकाबाईंच्या उदाहरणापासून काही शिकलो नाही, असे होईल. त्यांनी नाव दिले आणि त्या बाजूस झाल्या. त्यांच्या कामाची नोंद शोधून ती वाचकांपुढे ठेवणे हे इतिहासाभ्यासकाच्या हाती आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या कुडाळच्या एखाद्या तरुणीस, हे नाव येथे कोणी आणले, असे कोणी विचारले आणि तिला सहजपणे उत्तर देता आले, तर या विषयावरील आपले श्रम कारणी लागले असे समजावे.